सगळे पॉइंट सहनशक्तीला

गेममधला तो नावाडी मला आजही शिव्या घालण्याच्या लायकीचा वाटतो. नदीकाठी बसलेला असतो. पलीकडे सोड म्हटलं की विचारतो, का सोडू? मग पडद्यावर खाली चार उत्तरं येतात आणि माझ्या नशिबी त्यातली तीन करडी. करडी म्हणजे वाचता येतात, निवडता येत नाहीत. एकापुढे लिहिलेलं असतं, यासाठी वाणी हवी. दुसऱ्यापुढे, यासाठी नजर हवी. नजर असलेल्याला म्हणे त्याच्या होडीचं फुटकं फळकूट दिसतं, आणि ते ठोकून देण्याच्या बोलीवर फुकट जाता येतं. तिसऱ्यापुढे काहीतरी मंत्रतंत्र. चौथी ओळ तेवढी पांढरी शुभ्र: राहू दे, मी पोहून जातो. मी पोहून जायचो. पलीकडे पोचेपर्यंत अर्धा मेलेला असायचो, पण पोचायचो.

ज्यांनी असले गेम खेळलेले नाहीत त्यांना थोडक्यात सांगतो. सुरुवातीला आपल्याला एक माणूस घडवायचा असतो. मूठभर पॉइंट मिळतात. ते ताकदीला द्या, अकलेला द्या, बोलण्याला द्या, नजरेला द्या, नाहीतर सहनशक्तीला. एकदा दिले की दिले. पुढे गाव तेच, रस्ते तेच, माणसंही तीच भेटतात, पण प्रत्येकाला दारं वेगळी उघडतात. आणि गंमत अशी की पॉइंट वाटताना पुढे काय लागणार आहे ते कोणी सांगत नाही. तिथे नुसतं गाणं वाजत असतं आणि आपण हौसेने वाटत बसतो.

मी दर वेळी सगळे पॉइंट सहनशक्तीला देत असे. विषारी दलदलीत दुसरे मरतात, हा चालत जातो. हा माझा माणूस. हरलो की नवा गेम सुरू करायचो, या वेळी वाणीला द्यायचे असं ठरवायचो, आणि हात पुन्हा तिकडेच जायचा. बायकोने एकदा मागे उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, अहो, इथेही मारच खायचाय का तुम्हाला? मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतंय. तिला सगळं कळत होतं.

कॉम्प्युटर मला कारखान्यातल्या एका जोडीदाराने दिला. उत्तर प्रदेशातला होता. कंत्राटदार बदलला, नवा आला त्याने आपली माणसं भरली आणि आम्हा जुन्यांना काढलं, तेव्हा तो गावी निघाला आणि एवढं धूड कुठे नेऊ म्हणून माझ्या गळ्यात घातलं. गेम आत होताच. आम्ही तेव्हा कारखान्यांजवळच्या पाम गावात भाड्याच्या खोलीत राहायचो. बायको बोईसरला औषधांच्या पॅकिंगमध्ये जायची, अजूनही जाते, आणि घर तिच्यावर चालतं. मी कारखान्यांच्या गेटांवर फिरून यायचो आणि दुपारी त्या नावाड्याशी डोकं फोडत बसायचो.

आता कारखान्यात मी लागलो कसा, ते सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. आयटीआय करून मी आणि आणखी काही पोरं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात गेलो होतो. सुपरवायझरने मुलाखत वगैरे काही घेतली नाही. आम्हाला सरळ आत नेलं आणि एका पिंपाचं झाकण उघडलं. एकाने रुमाल लावला, एक डोळे पुसत बाहेर पळाला, एकजण तिथेच ओकला. मी उभा. मला वास आला नाही असं नाही, चांगला मेंदूपर्यंत गेला. पण उभा राहिलो. त्याने विचारलं, कुठला रे तू? म्हटलं, दातिवऱ्याचा, आई सुकी मच्छी विकते. तो खदखदा हसला आणि म्हणाला, मग तुला काय होतंय, तू तर तयार होऊनच आलायस.

त्या दिवशी मी हवेत होतो. शाळेत माझ्या दप्तराला वास येतो म्हणून पोरं बाक सोडून बसायची. त्याच वासाने मला नोकरी दिली. घरी येऊन आईला सांगितलं तर तीही पोटभर हसली. म्हणाली, बघ, बोंबलानी तुला साहेब केला. साहेब कसला, पिंपं ढकलायचो. मास्क मिळायचे, पण त्या उकाड्यात भट्टीजवळ मास्क लावून दम लागायचा, आणि शिवाय माझी ख्यातीच झाली होती. गळती झाली की हाक मला. इतर लोक वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहायचे आणि मी आत. कोणी पाठ थोपटली की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

नाक गेलं ते कळलंच नाही. डोळे गेले तर अंधार होतो, कान गेले तर लोक ओरडायला लागतात. नाक गुपचूप जातं. एकदा मी गॅसशेजारी बसून मोबाईल बघत होतो आणि बायको मोरीतून धावत आली. दूध करपून पातेलं काळं झालं होतं, घरभर धूर, आणि मी बाजूला बसलेलो. ती मला बोल बोल बोलली. मग मध्येच थांबली, कोपऱ्यातली उदबत्ती उचलून माझ्या नाकाशी धरली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पालघरच्या डॉक्टरने कशाकशाच्या बाटल्या हुंगायला लावल्या आणि शेवटी हात टेकले. म्हणाला, आता येणं कठीण आहे. आईला आम्ही सांगितलं नाही. हात तुटला असता तर दिसला असता, सांगावंच लागलं असतं. नाकाचं काय सांगायचं? चाललं होतं नाकाशिवाय.

मग आई पडली. एस.टी.तून उतरताना पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. सळई घातली, आम्ही तिला पामला आमच्या खोलीवर आणलं, पण डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची बंदी केली. आणि आईचं सगळं आयुष्य जमिनीवर बसून गेलेलं. पालघरच्या बाजारात सुक्या मच्छीच्या ओळीत तिची जागा आहे. तिच्या सासूची होती, मग तिची झाली. जागा म्हणजे काय, एक गोणपाट पसरेल एवढी फरशी. पण पावसाआधी दोन महिने आगोटीची खरेदी असते. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून लोक बोंबील, सुकट, जवळा भरून ठेवतात, त्याला आगोट म्हणतात. त्या दोन महिन्यांवर तिचं वर्ष निघायचं. गिऱ्हाईक वर्षानुवर्षांचं. माल बघायचंसुद्धा नाही, पिशवी पुढे करायचं, कारण आईने घेतलेला बोंबील आतून आंबूस निघत नाही हे सगळ्या पालघरला ठाऊक. आणि तिथला नियम असा की आगोटीत जी जागा रिकामी राहिली ती गेली. दुसरी बाई गोणपाट टाकते आणि पुढच्या वर्षी ती तिची असते.

आई खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, तू बस.

आमच्यात विकायला पुरुष बसत नाहीत. पुरुष दर्यावर, बाया बाजारात, ही रीत. पण माझी होडीही नव्हती आणि नोकरीही नव्हती. हसतील ते हसू देत, असं मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. कित्येक महिन्यांनी एक ओळ पांढरी दिसली होती. गिऱ्हाईक तयार, जागा तयार, आईचं नाव तयार. बायको फक्त हळूच म्हणाली, पण नाकाचं काय? मी तिला गप्प केलं. तूही येशील की सोबत, म्हटलं, तुझं नाक आहे की.

गेममध्ये असं चालतं म्हणून मला सुचलं. तिथे आपल्याबरोबर सोबती असतात. आपल्याला कुलूप उघडता येत नसेल तर त्यातला एखादा उघडतो. पण काही गेम फार खडूस. त्यात बोलणी चालू झाली की सोबत्यांचं काही मोजत नाहीत. समोरचा तुमच्याशी बोलतोय ना, मग तुमच्यात काय आहे तेवढंच धरायचं. मागे दहा हुशार उभे असोत, ओळ करडीच. हे मला माहीत होतं. माहीत असून मी गेलो.

दातिवऱ्याला खाडीच्या बाजूला बांबूंचे उंच मांडव घातलेले असतात. दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकतात आणि ऊन-वाऱ्यावर सोडतात. खरेदी तिथेच उभ्याने होते. घरी नेऊन बघू, नाही पटला तर परत देऊ, असलं काही नसतं. परत करणं म्हणजे त्या घराचा अपमान, पिढ्यान्‌पिढ्या बोलणं तुटतं. म्हणून मांडवापाशी ज्याने त्याने आपलं नाक वापरायचं. विकणारी बाई एक बोंबील घेते, डोक्याखाली मोडते आणि तुमच्या हातात देते. तुम्ही हुंगायचा. चांगला असेल तर तुकडा आपल्याजवळ ठेवायचा. नसेल तर मुकाट्याने तिच्या हातात परत द्यायचा. तोंडाने कोणी काही बोलत नाही. वाईट आहे असं बोलून दाखवलं तरी अपमान, आणि चांगला आहे म्हटलं तर भाव चढतो.

हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं. आईच्या मागे उभा राहून बघितलेलं. ज्या बाईकडे गेलो ती आईच्या ओळखीची, तिच्याकडे आई किती वर्षं घेत होती. तिने आईची चौकशी केली, मी बाजारात बसणार हे ऐकून हसली नाही, उलट तिला बरं वाटलं. मग तिने एका ढिगातला बोंबील मोडला आणि मला दिला.

मी हुंगला. काही नाही. हवा. पुन्हा हुंगला, डोळे मिटून, आई मिटायची तसे. बोंबील पांढरा होता, कडक होता, मोडताना आवाज छान आला होता. मी बायकोकडे बघितलं. ती आत मनोरकडच्या शेतकऱ्याघरची. मासे आवडीने खाते, पण एवढे मांडव एका ठिकाणी तिने कधी बघितले नव्हते, आणि ती आल्यापासून नाकाला पदर लावून उभी होती. मी तुकडा तिच्याकडे सरकवला. तिने हुंगला आणि बिचारीचे डोळे भरून आले. नंतर म्हणाली, मला सगळंच एकसारखं घाण येत होतं हो, त्यात कुठलं चांगलं नि कुठलं वाईट, मी काय सांगू? चूक तिची नाही. तिला वास येत होता, पण त्यातलं कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं, पण वास नव्हता. दोघांचं मिळून एक धड नाक होत नव्हतं.

मी तुकडा खिशात ठेवला.

बाई माझ्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ बघितलं तिने. मला वाटलं, कौतुकाने बघतेय. मग तिने मान खाली घातली आणि त्या ढिगातला माल बांधायला लागली. आणखी एक ढीग मागे ताडपत्रीखाली होता, तो तिने दाखवलाच नाही, आणि मी विचारलं नाही. परत येताना मी खूश होतो हो. टेम्पोत माल टाकून बायकोला सांगत होतो, बघ, आईच्या नावावर पहिल्या झटक्यात चांगला माल दिला.

गाढवपणा! आणि असला गाढवपणा आमच्यातलाच माणूस करू शकतो, बाहेरचा नाही. बाहेरच्याने तोंड उघडून विचारलं असतं. आमची रीत अशी आहे, आणि तीही मला नंतर आईकडून कळली, की पहिला तुकडा नेहमी हलक्या मालाचा देतात. मध्येच ढग येऊन दमट झालेला आणि पुन्हा वाळवलेला. दिसायला तोच, आतून आंबलेला. घेणाऱ्याने तो परत द्यायचा, म्हणजे कळतं की समोरच्याला समजतं, आणि मग खरा ढीग उघडतात. फसवणूक नाही ती, मान देण्याची पद्धत आहे. तिने मला मान दिला आणि मी तो खिशात टाकला. तिने काय करायचं होतं? हा वाईट आहे, घेऊ नको, असं स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या मालाबद्दल बोलायचं? शिवाय तिला वाटलं असेल, यांना पैसे कमी पडतायत, मुद्दाम हलका घेतायत. बोलून कशाला लाजवा.

काही गेममध्ये करड्या ओळीसुद्धा दाखवत नाहीत. जे तुम्हाला जमणार नाही ते दिसतच नाही. तुम्हाला वाटतं, एवढंच होतं, आपण बरोबर निवडलं. कोणाचं डोकं म्हणे लपवलेल्याने कमी फिरतं. माझं उलट. करडी ओळ निदान सांगून तोंडात मारते. लपवलेल्या ओळीत मार बसलेलाही कळत नाही, आणि आपण टेम्पोत बसून बायकोला फुशारकी सांगतो.

घरी माल उतरवला तेव्हा आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. गोणी तिच्यापासून चार हात लांब ठेवली होती, पण ती एकदम बोलायची थांबली. माझ्याकडे बघितलं, गोणीकडे बघितलं. म्हणाली, एक दे. मी दिला. तिने तो आपल्या पदराखाली मोडला, का पदराखाली ते मला तेव्हा सुचलं नाही, आणि दोन मुठी पुढे केल्या. दोन्हींत एकेक तुकडा.

"सांग बाला, यातला कंचा ठेवू नि कंचा टाकू?"

आता इथे मी खरं बोलायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातंय. बाहेर बाजारातली ती फरशी, दोन महिन्यांची आगोट, पुढची सगळी वर्षं, सगळं त्या दोन मुठींवर आलं होतं. मी खाली वाकलो. डावा हुंगला, उजवा हुंगला. पुन्हा डावा. चेहरा विचार केल्यासारखा केला. आईने उजवी मूठ जरा पुढे धरली होती असं मला वाटलं.

म्हटलं, "उजवा ठेव. डावा खराब हाय."

 आईने दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. मोडल्या कडा बरोबर बसल्या, काट्याला काटा लागला. एकाच बोंबलाचे होते. दारात बायको उभी होती, ती आत निघून गेली.

"कवापासना?" आईने विचारलं.

मी सांगितलं. पिंपांचं सांगितलं, गळतीचं सांगितलं, दूध करपल्याचं, डॉक्टरचं.  मला वाटलं, आई रागावेल, कारखान्याला शिव्या देईल, निदान मला तरी. मला शिव्या हव्याही होत्या. तिने फक्त बायकोला हाक मारली आणि सांगितलं की बाजारात माझ्या डाव्या हाताला बसते तिला फोन लाव, म्हणावं, यंदापासून माझ्या फरशीवरही तूच गोणपाट टाक. बायको फोन हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. लाव, असं आई पुन्हा म्हणाली. गोणीतला माल कोणाला विकायचा नाही, वाडीवाल्यांना खताला द्यायचा, तेही तिने त्याच आवाजात सांगितलं. मी ‘आई, अगं’ असं काहीतरी बोलायला गेलो. काय बोलणार होतो कोण जाणे. वाणीला मी कधी एक पॉइंट दिलेला नाही.

फोन झाला. जागा गेली. तिची सासू, ती आणि मग कोणीच नाही. तिने मला खाटेवर जवळ बसायला सांगितलं. आईच्या अंगाला वास यायचा तो मीठ, बोंबील आणि पानतंबाखू यांचा. लहानपणी अंधारात आई आली हे मला त्या वासानेच कळायचं, आवाज द्यायची गरज नसायची. ती बाजारातून उशिरा आली की मी झोपेतच तिकडे सरकायचो. हे तिला माहीत होतं. बाजारातल्या बायांना ती हे सांगायची, कितीदा तरी.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मंग माजा वास? त्यो तरी येतो का तुला?"

गेम असता तर खाली ओळी आल्या असत्या. येतो गं, तुझा येतो, ही पहिली असती आणि तिच्यापुढे काय हवं ते लिहिलेलं असतं. हसण्यावारी नेणारी एक असती.  आई वाट बघत होती. आयुष्यभर सोसायचंच तेवढं शिकलो होतो, आणि इथे सोसायचं मला नव्हतं, तिला होतं.

मी म्हटलं, "नाय."

तिने हात काढून घेतला, पदर सावरला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. थोड्या वेळाने तिने बायकोला सांगितलं की त्याला जेवायला वाढ.